मतदारसंघाचा वचननामा

मतदारसंघाचा वचननामा : विधानसभेला उभा असलेला उमेदवार आपल्या मतदारसंघातील गावे, वाड्या-वस्त्या आणि प्रभाग यांच्यासाठी काय करणार हे ज्या पत्रकातून किंवा पुस्तिकेतून सांगतो, त्याला महाराष्ट्रात मतदारसंघाचा वचननामा किंवा स्थानिक जाहीरनामा म्हणतात. पक्षाचा जाहीरनामा साऱ्या राज्यासाठी असतो आणि बहुधा मुंबईत प्रसिद्ध होतो. हा मात्र तालुक्याच्या छापखान्यात निघतो आणि गावभेटीत, कोपरा सभेत, बाजाराच्या दिवशी हातोहात वाटला जातो. नावाबाबत प्रत्येक पक्षाचा आपला बाणा आहे. शिवसेना ‘वचननामा’ म्हणते, भाजप ‘संकल्पपत्र’; २०२४ मध्ये महाविकास आघाडीने ‘महाराष्ट्रनामा’ काढला. विद्यमान आमदार उभा असेल तर वचननाम्याआधी ‘कार्यअहवाल’ येतो. त्यात भूमिपूजनांची छायाचित्रे आणि गाववार निधीचे तक्ते असतात, आणि वचनांचे पान सर्वांत शेवटी.

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा आहेत. त्यांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार येतात. ग्रामीण भागात त्यात शंभरावर गावे सहज असतात, आणि एका गावाला हवे ते शेजारच्या गावाला नको असते. धरणाच्या वरच्या अंगाला पाणी अडवायचे असते, खालच्या अंगाला सोडायचे असते. म्हणून स्थानिक वचननामा हा विचारपत्रापेक्षा गावनिहाय यादीसारखा दिसतो.

कायद्याने या कागदाला फारशी जागा दिलेली नाही. उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र जोडावेच लागते. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती असते. आपण काय करणार, हे मात्र कुठेच लिहून द्यावे लागत नाही. उमेदवाराकडे किती तोळे सोने आहे हे मतदाराला अधिकृतपणे कळते. पाणी कधी येणार ते पत्रकावरच वाचायचे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते छापणे बंधनकारक आहे, आणि छपाईचा खर्च उमेदवाराच्या ४० लाख रुपयांच्या खर्चमर्यादेत धरला जातो. जाहीरनाम्यातील आश्वासन हा कलम १२३ खालचा भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी तमिळनाडूतील एका प्रकरणात सांगितले. त्याच निकालाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक सूचना करायला लावल्या. आश्वासन का दिले आणि पैसा कुठून येईल हे पक्षांनी ढोबळपणे तरी सांगावे, अशी अपेक्षा त्यानंतर आचारसंहितेत आली. वचन मोडले म्हणून आमदारकी जात नाही.

वचननाम्यातील बहुतेक वचने आमदाराच्या कामाची नसतात. गावचा अंतर्गत रस्ता व गटार ग्रामपंचायतीचे, प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, शहरातला नळ आणि कचरा नगरपालिकेचा. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा आहे, आणि ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत जागा मिळाली. आमदाराचे घटनात्मक काम कायदे करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे आणि सरकारला जाब विचारणे हे आहे. तरीही ‘अमुक विधेयकाला दुरुस्ती सुचवीन’ असे वचन देणारा उमेदवार शोधावा लागतो. याचे खापर उमेदवारांवर फोडणे सोपे आहे, पण मतदारही त्याच्याकडे कायदेकर्ता म्हणून पाहत नाही. सरकारदरबारी वजन असलेला आपला माणूस, अशीच त्याची ओळख असते. म्हणून वचननाम्यातील सर्वांत खरा शब्द ‘पाठपुरावा’. काम दुसऱ्याचे, निधी तिसऱ्याचा आणि त्या दोघांच्या मागे लागणारा हा. निधी ‘खेचून आणला’ हा रूढ वाक्प्रचारही तेच सांगतो. निधी आपणहून येत नसतो. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुका रखडल्या की आमदाराचे हे रूप आणखी ठळक होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा नगरसेवकाकडे जाणारे गाऱ्हाणेही आमदाराच्या दारात येऊ लागले.

आमदाराच्या हातात थेट असणारी रक्कम म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. तो २०२० मध्ये वर्षाला २ कोटींवरून ३ कोटी, २०२१ मध्ये ४ कोटी आणि २०२२ मध्ये ५ कोटी रुपये झाला. शंभर गावांचा मतदारसंघ धरला तर गावाला वर्षाकाठी ५ लाख. तेवढ्यात गल्लीतला काँक्रीटचा एक तुकडा होतो, किंवा सभामंडपावर पत्रा चढतो. समाजमंदिर, हायमास्ट दिवा, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा ही कामे जागोजागी दिसतात ती यामुळेच. या रकमेत पुरी होतात आणि नारळ फोडायला बरी पडतात. आमदार काम फक्त सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते. याहून मोठ्या रकमेसाठी जिल्हा नियोजन समिती (अध्यक्ष पालकमंत्री), ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष आणि अधिवेशनातील पुरवणी मागण्या या वाटा आहेत. २५१५ हा आकडा तालुक्यातल्या कोणत्याही ठेकेदाराला तोंडपाठ असतो. या सगळ्या वाटा सत्तेच्या दारातून जातात. २०२२ मध्ये सरकार बदलले तेव्हा आधी मंजूर झालेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि वाद उच्च न्यायालयात गेले. विरोधी आमदाराच्या वचननाम्याचे काय होते ते त्यावरून कळावे.

वचननामा खरोखर कसा फळतो, किंवा किती उशिरा फळतो, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघासारखे उदाहरण नाही. माण नदीच्या खोऱ्यातील हा तालुका अवर्षणप्रवण. डाळिंबासाठी ओळखला जातो, तोही पाण्याच्या काटकसरीवर. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख येथून १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा निवडून आले. मधल्या काळात १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव. शेकाप बव्हंशी विरोधी बाकांवर राहिला, आणि मंत्रिपद त्यांना थोडाच काळ लाभले. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची कीर्ती सर्वदूर आहे, पण मतदारांशी त्यांचा व्यवहार एकाच विषयावर चालला : पाणी. नीरा उजव्या कालव्याचे पाणी टेलपर्यंत (कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत) यावे आणि कृष्णेचे पाणी उचलून तालुक्यात आणावे, ही मागणी त्यांनी दर निवडणुकीत नव्याने मांडली नाही. तीच पुढे चालू ठेवली. १९९३ पासून आटपाडीला भरू लागलेल्या पाणी परिषदांत पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर ते उभे राहिले. तेरा दुष्काळी तालुके एकत्र आल्याने ही मागणी एका मतदारसंघाची उरली नाही.

पुढचा भाग मात्र कोणाच्याच वचननाम्यात नव्हता. कृष्णा पाणीतंट्यातील बच्छावत लवादाच्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, या धास्तीने शिवसेना-भाजप युती सरकारने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापले आणि कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभूसारख्या उपसा योजनांना मंजुरी व पैसा मिळाला. गंमत अशी, की त्या वेळी गणपतराव विधानसभेत नव्हतेच. १९९५ ला ते पडले होते. योजनेचे पाणी टप्प्याटप्प्याने पोहोचायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली. तेव्हा श्रेय कोणाचे? चळवळीचे, लवादाच्या तारखेचे, सत्तेवर असलेल्यांचे, की तीस वर्षे एकच वाक्य बोलणाऱ्या विरोधी आमदाराचे? सांगोल्याच्या प्रचारसभांत हा वाद अजून चालतो. २०१९ मध्ये तेथे शिवसेनेचे शहाजीबापू पाटील विजयी झाले, २०२४ मध्ये गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख; पाण्यावाचून दोघांचाही प्रचार झाला नाही. शेजारच्या खानापूर-आटपाडीत टेंभूच्याच बळावर अनिल बाबर यांना ‘पाणीदार आमदार’ ही पदवी लोकांनी दिली.

पाण्याखेरीज बाकी राज्यात विषय प्रदेशाप्रमाणे पालटतो. मुंबईत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा पुनर्विकास, झोपडपट्टी पुनर्वसन आणि पागडीची (एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) घरे. कोकणात वर्षानुवर्षे रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. विदर्भात सिंचनाचा अनुशेष (इतर भागांच्या तुलनेत मागे राहिलेले काम), ज्याची मोजदाद १९८० च्या दशकात दांडेकर समितीने केली. गडचिरोलीत २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे. नाशिकचा कांदा हा अवघड प्रकार. निर्यातबंदी दिल्ली लावते, जाब मात्र लासलगाव बाजाराच्या परिसरातील आमदाराला द्यावा लागतो.

गोव्यात ४० मतदारसंघ आहेत आणि एकेकात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. महाराष्ट्राच्या मतदारसंघाचा हा जेमतेम दहावा हिस्सा. उमेदवाराला घरन्‌घर ठाऊक असते, म्हणून तिथले वचन गावाला कमी आणि कुटुंबाला जास्त दिलेले असते, मुलाच्या सरकारी नोकरीपर्यंत.

याच्या अगदी उलटे टोक बेळगावात सापडते. कर्नाटक विधानसभा लढवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांकडे अनेक दशके गटार-रस्त्याची यादी जवळजवळ दुय्यम होती. सीमाभाग महाराष्ट्रात यावा आणि तोवर सरकारी कागदपत्रे मराठीतही मिळावीत, एवढेच मुख्य मागणे. पहिले मागणे बेंगळुरूच्या विधानसभेत पुरे होण्यासारखे नाही. त्याचा दावा महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात लावलेला आहे. म्हणजे ज्या सभागृहातून बाहेर पडायचे, त्याच सभागृहासाठी मते मागायची. लोकांनी कैक निवडणुकांत ती दिलीही. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही.