तंत्रज्ञान कार्यालयांतील स्त्री-पुरुष समता (नाशिक)

भरती, पगार, कामाचे वाटप, बढती आणि सुरक्षितता यांत स्त्रियांना बरोबरीने वागवले जावे आणि बाळंतपणासारख्या टप्प्यावर त्यांचे करिअर तुटू नये, यासाठी असलेली कायदेशीर आणि कार्यालयीन व्यवस्था. नाशिकमध्ये तिचा संबंध मुख्यतः छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या, बीपीओ, डेटा सेंटर आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील डिझाइन व ऑटोमेशन विभागांशी येतो.

मोठ्या कंपनीत धोरण मुख्यालयातून तयार होऊन येते. पंचवीस-तीस जणांच्या ऑफिसात मात्र एचआर, अकाउंट्स आणि ॲडमिन एकच व्यक्ती सांभाळते आणि नियम तोंडी असतात. त्यामुळे कायद्यातील संख्येच्या मर्यादा इथे फार महत्त्वाच्या ठरतात. अंतर्गत समितीसाठी (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कार्यालयातील समिती) 10 कर्मचारी आणि पाळणाघरासाठी 50 ही मर्यादा आहे. या संख्येच्या आत असलेल्या कंपनीनेही दोन पानी लेखी धोरण करावे, कारण तोंडी सवलत मॅनेजर बदलला की संपते.

भरती : मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’, ‘मिस्टर पुण्याला असतात, मग तुम्ही इथे किती दिवस?’ असे प्रश्न अजूनही विचारले जातात. हिंजवडीतील नोकरी सोडून सासर किंवा माहेर नाशिकला म्हणून परतलेल्या अनुभवी मुलींना ते हमखास ऐकावे लागतात. प्रत्येक उमेदवाराला तेच तांत्रिक प्रश्न, गुणांचा लेखी तक्ता आणि पॅनेलवर किमान एक स्त्री एवढे केले तरी बरेच साधते. बायोडेटातील गॅपचे कारण विचारण्यापेक्षा दोन तासांचे प्रत्यक्ष काम देऊन पाहावे.

वेतन : सुरुवातीचा फरक टक्केवारीच्या वाढीने भरून निघत नाही, वाढतच जातो. एकाला वर्षाला 3.6 लाख आणि दुसरीला 3.2 लाख रुपयांवर घेतले आणि दोघांना दरवर्षी सारखीच 10 टक्के वाढ दिली, तरी पाच वाढींनंतर 40 हजारांचा फरक सुमारे 64 हजार होतो. म्हणून ऑफर देताना आधीच्या सॅलरी स्लिपऐवजी पदाची ठरलेली श्रेणी धरावी. वर्षातून एकदा सारख्या पदाच्या व अनुभवाच्या लोकांचे मूळ आणि व्हेरिएबल (कामगिरीनुसार बदलणारे) वेतन शेजारी-शेजारी मांडावे. तफावत बहुधा व्हेरिएबलमध्ये लपलेली असते. समान कामाला समान वेतनाची तरतूद 1976 च्या समान पारिश्रमिक अधिनियमात होती. तेच तत्त्व वेतन संहिता, 2019 मध्येही आहे.

प्रसूती रजा आणि परतणे : सर्वाधिक गळती इथे होते. 1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळाली. त्यांपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. दोन हयात अपत्ये असल्यास रजा 12 आठवडे. अट एवढीच, की अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले असावे. याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही आहेत. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. हे बहुतेकांना ठाऊक असते, पण गोष्टी बिघडतात त्या रजेच्या आधी आणि नंतर.

रजेला जाण्यापूर्वी हस्तांतराची टिपणे, कोणते मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा भाग) कोणाकडे आणि परतल्यावर काय मिळणार, हे ईमेलवर नोंदवावे. हे लिहिलेले नसेल तर परतलेल्या बाईच्या वाट्याला टेस्टिंगची उरलेली कामे येतात आणि तिचे मॉड्यूल कायमचे दुसऱ्याचे होते. सहा महिन्यांत खाती बंद पडलेली असतात, त्यामुळे व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षित जोडणी), कोड रिपॉझिटरी (कोडचा साठा) आणि ईमेल चालू करण्याची विनंती परतण्याच्या आठवडाभर आधी टाकावी. नाहीतर पहिला आठवडा आयटी विभागाकडे टाकलेल्या तिकिटांच्या (विनंत्यांच्या) मागे धावण्यात जातो. पहिल्या महिन्यात लहान बग (चुका) दुरुस्त करणे आणि कोड रिव्ह्यू (इतरांचा कोड तपासणे), दुसऱ्यात एक पूर्ण फीचर (नवी सुविधा) आणि तिसऱ्यात आधीची जबाबदारी, हा क्रम पेलवतो. सहा महिने लहान कामांवरच ठेवणे हा मदतीच्या नावाखाली केलेला अन्याय आहे.

अप्रेझलमध्ये (वार्षिक मूल्यमापनात) उद्दिष्टे वर्षाची आणि हजेरी सहा महिन्यांची अशी तुलना होते आणि रेटिंग खाली जाते. मूल्यमापन फक्त काम केलेल्या महिन्यांचे करावे आणि उद्दिष्टे त्याच प्रमाणात कमी करावीत. त्या वर्षीची वेतनवाढ रोखू नये.

मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विराम देणे बंधनकारक आहे. ते कॅलेंडरवर ‘बिझी’ म्हणून टाकावेत, म्हणजे त्या वेळात मीटिंग लागत नाहीत. दूध काढण्यासाठी आतून कडी लागणारी खोली, पाठीला टेकण असलेली खुर्ची, प्लग, हात धुण्याची सोय आणि छोटा फ्रिज लागतो. शौचालय हा पर्याय नव्हे. काढलेले दूध सुमारे 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते घरी न्यायला बर्फाच्या पिशवीचा डबा हवाच. 50 किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे लागते.

नाइट शिफ्ट : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येते. सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत वाहतुकीची सोय करावी लागते. संमती लेखी घ्यावी, ती मागे घेता यावी आणि नकाराची झळ रेटिंगला बसू नये. अंबडहून निघालेली कॅब इंदिरानगर, द्वारका, नाशिकरोड अशी जात असेल, तर शेवटचा थांबा एकट्या स्त्रीचा येणार नाही असा क्रम लावावा. ते शक्य नसेल तर सुरक्षारक्षक सोबत द्यावा. गल्लीच्या तोंडाशी सोडणे म्हणजे दारापर्यंत सोडणे नव्हे. दुसरीकडे, काळजीपोटी मुलींना रात्रीच्या रिलीजपासून (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करण्याच्या कामापासून) आणि परदेशी ग्राहकाच्या कॉलपासून परस्पर दूर ठेवणेही नुकसानीचे आहे, कारण बढतीच्या वेळी नेमके तेच काम मोजले जाते. ठरवायचे तिने.

लैंगिक छळाची तक्रार : 2013 च्या अधिनियमानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती लागते. मुख्यालयाची समिती पुण्यात असली तरी नाशिक शाखेची वेगळी हवी, हे अनेकदा विसरले जाते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यायची. योग्य कारण असल्यास आणखी 3 महिने मिळतात. तक्रारीच्या 6 प्रती कागदपत्रांसह द्याव्या लागतात. समिती 7 कामकाजाच्या दिवसांत एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या समोरच्याला पाठवते आणि त्याने 10 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी 90 दिवसांत संपवावी, अहवाल पुढच्या 10 दिवसांत द्यावा आणि मालकाने 60 दिवसांत कारवाई करावी. समिती न नेमल्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

तीस जणांच्या ऑफिसात साक्षीदाराला काचेच्या मीटिंग रूममध्ये बोलावले, की डबा खायच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक असल्याने चौकशी ऑफिसबाहेर, शक्यतो सुट्टीच्या दिवशी घ्यावी. चौकशीदरम्यान तक्रारदार स्त्रीच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा समोरच्याची बदली करता येते, तसेच तिला 3 महिन्यांपर्यंत जादा रजा देता येते. व्यवहारात बदली तिचीच होते आणि प्रोजेक्टही तिचाच सुटतो. ते टाळायला हवे. 10 पेक्षा कमी कर्मचारी असल्यास, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे.

कंत्राटी कर्मचारी : बीपीओ आणि हेल्पडेस्कमधील अनेक मुली एजन्सीच्या पटावर असतात. वेतन दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमा लागू होतो. त्यात मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के असतो. प्रसूतीचे 26 आठवड्यांचे वेतन मग विमा महामंडळाकडून मिळते. त्यासाठी आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) किमान 70 दिवसांचे अंशदान (विम्याची वर्गणी) भरलेले असावे लागते. अडचण बहुधा एजन्सी बदलताना येते. नवी एजन्सी जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढते, दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि 70 भरत नाहीत. रुजू होतानाच जुना क्रमांक लेखी द्यावा आणि अंशदान जमा झाले की नाही हे दरमहा विमा महामंडळाच्या पोर्टलवर स्वतः पाहावे.