'शिक, नाहीतर ढोरं राखशील': मराठवाड्यातल्या पोरांना शेतीकडे बोलावताना

मराठवाड्यात अकरावीचे प्रवेश आणि मृगाची पेरणी साधारण एकाच महिन्यात येतात. घरात असलेल्या पैशाला (बहुतेकदा तो आडत्याकडून उचललेलाच असतो) तेव्हा दोन वाटा फुटतात. एक जाते सोयाबीनच्या बॅगेकडे आणि डीएपीच्या पोत्याकडे, दुसरी लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या क्लासकडे. फी रोख भरली जाते, खत उधारीवर येतं. पुढे १ जुलैला कृषी दिनाच्या कार्यक्रमात पाहुणे त्याच पोरांना सांगतात, 'शेतीकडे करिअर म्हणून पाहा.' पोरं टाळ्या वाजवतात. घरी मात्र त्यांनी पहिलीपासून एकच ऐकलेलं असतं: शिक, नाहीतर ढोरं राखशील.

हे धमकीवजा वाक्य आळसातून किंवा शहराच्या हौसेतून आलेलं नाही. त्यामागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हिशेब आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्याआधी या भागात शेती हा निवडीचा विषयच नव्हता. जहागिरी होत्या, 'सर्फेखास' म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मालकीचा मुलूख होता आणि कसणारा अनेक ठिकाणी कूळ होता. वरचं शिक्षण उर्दूतून, तेही हैदराबादला. पाटलाच्या पोराला ते कसंबसं जमायचं, सालगड्याच्या पोराला शाळेची पायरीही दिसत नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत दोन गोष्टी बरोबरीने आल्या. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या आणि १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याच १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादला आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज नांदेडला सुरू झालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. जमीन नावावर व्हायला लागली त्याच सुमारास जमिनीपासून दूर नेणारा रस्ताही उघडला. पहिल्या पिढीने दोन्ही धरलं: थोरला शेतात, धाकटा शाळेत. धाकटा मास्तर झाला, तलाठी झाला, दर महिन्याला मनीऑर्डर करू लागला. गावाला उदाहरण मिळालं.

ज्यांच्या नावावर काहीच आलं नाही, त्यांचा इतिहास वेगळा चालला. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, गायरानं कसायला घेतली गेली, त्यातली काही अतिक्रमणं सरकारने नियमित केली. आजही अनेक गावांत गायरान कसणाऱ्या कुटुंबाकडे पीक असतं, कागद नसतो. त्या घरातल्या पोराला 'शेतीत करिअर कर' म्हणणाऱ्याने आधी कोणती शेती, हे सांगायला हवं.

मग १९७२ उजाडलं. त्या वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि लगेचचा पावसाळा कोरडा गेला. नियतीला विनोदबुद्धी असलीच तर ती अशी. विद्यापीठाच्या पाट्या लागत होत्या आणि शेतकरी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, सुकडी खात होता, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होता. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना मोठी झाली. तिच्यासाठीचा पैसा पुढे व्यवसाय करातून, म्हणजे नोकरदाराच्या पगारातूनही, येऊ लागला. खडी फोडणाऱ्या बापाला हे पक्कं कळलं की पाऊस गेला तरी पगार जात नाही. 'नाहीतर ढोरं राखशील' याला खरी धार आली ती त्या साली. आज साठी-सत्तरीत असलेले आजोबा तेव्हा स्वतः पोरसवदा होते.

जायकवाडीचं लोकार्पण १९७६ मध्ये झालं. पैठणपासून खाली परभणीकडे कालव्याचं पाणी गेलं तिथे ऊस आला, साखर कारखाने आले, बागायतदाराचा पोरगा गावात थांबण्याची शक्यता तरी तयार झाली. पण बहुतांश मराठवाडा कोरडवाहूच राहिला. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं अजूनही दसऱ्यानंतर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तिथे हिशेब कोयत्यावर होतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून लग्नं लवकर लागतात आणि पंधरा-सोळाची मुलं शाळा सोडून फडात दिसतात. आपल्या शिवारात पाणी नाही म्हणून ही पोरं दुसऱ्याच्या शिवारातला ऊस तोडतात. त्यांनी शेती जवळून पाहिलेली असते, जरा जास्तच जवळून.

कृषी विद्यापीठाने काम केलं नाही असं मुळीच नाही. भेंडीचं 'परभणी क्रांती', नांदेडच्या केंद्राचा 'एनएचएच ४४' कापूस, बदनापूरचे तुरीचे वाण, 'एमएयूएस ७१' सोयाबीन ही नावं शेतकऱ्याच्या तोंडात आहेत. १८ मे आणि १७ सप्टेंबरच्या पीक मेळाव्यांत बियाण्यासाठी रांगा लागतात. पण रांगेत टोपीवालेच जास्त, पोरं कमी. खुद्द पदवीच्या वर्गातल्या पोरांचं काय होतं तेही पाहा. शेवटच्या वर्षी त्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात पाठवतात. 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे मांडून, ओलं करून, गुंडाळून ठेवतात. काही दिवसांनी कोंब मोजतात. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. प्रात्यक्षिक चांगलं असतं, घरचं बियाणं वापरणाऱ्याचे पैसे वाचवतं. गावासोबत फोटो निघतो, पेपरात छापून येतो. आणि निकाल लागला की त्यातली बरीच मंडळी पुण्याला एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. शेतीची पदवी ही शेतीतून सुटण्याची एक चांगली सोय झाली, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये. त्या पोरांचे बाप हेच ठरवून त्यांना तिथे पाठवतात.

दुसरी सोय लातूरची. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली, 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला आणि खेड्यातली पोरं शहरात खोल्या करून राहू लागली. आई पहाटे उठून डबा करायची, बाप तो एसटीत ठेवायचा, पोरगा स्टँडवर उभा असायचा. त्या डब्यातली भाकर स्वतःच्या शेतातल्या ज्वारीची असे, आणि ती खाऊन पोरगा शेतात परत न येण्याचा अभ्यास करत असे. याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पोरांचा निर्णय चुकीचा होता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

एरवी हेच शहर वेळा अमावस्येला, म्हणजे येळवसला, ओस पडतं. डिसेंबर-जानेवारीच्या त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचा माणूस जिथे असेल तिथून रानात जातो. कडब्याची कोप (खोपी), पाच पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे. क्लासवाली पोरंही जातात, पोटभर आंबील पितात, रील काढतात. काळ्या रानाची ओढ मेलेली नाही. तिच्यावर घर चालत नाही, एवढंच.

घर का चालत नाही, याचं एक उत्तर कृषी गणनेत आहे. महाराष्ट्रात सरासरी खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. आजोबांच्या दहा एकराचे बापाला तीन-साडेतीन आले, आता त्यात दोन भाऊ. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी पर्याय मिळाला तर शेती सोडू असं सांगितलं होतं. आत्महत्यांच्या बातम्यांमध्ये वाढलेल्या पिढीला हे पाहणीतून कळायची गरज नव्हती. त्यात लग्नाचा प्रश्न. दहा एकर असलेला बापही जावई 'नोकरीवाला' मागतो, मग तो पुण्यात बारा तासांची कंत्राटी नोकरी करत का असेना. मागच्या काही वर्षांत आरक्षणाच्या मागणीसाठी मराठवाड्यातून एवढी तरुण पोरं रस्त्यावर आली, त्यामागे हीच तुकडे पडलेली जमीन आहे.

तरीही काही ठिकाणी पोरं थांबली. का थांबली, हे जास्त कामाचं आहे. जालन्याजवळच्या कडवंचीत १९९० च्या दशकात पाणलोटाचं काम झालं, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन पाठीशी होतं. बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी, मग द्राक्षं. २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या बागा उभ्या राहिल्या. आधी पाणी आलं, पोरं मागून आली. हा क्रम उलटा करून भाषणं दिली जातात, म्हणून ती वाया जातात.

दुसरं उदाहरण रेशमाचं. बीड, जालना या भागात तुतीची लागवड वाढली, रोजगार हमीतून तिला अनुदान मिळू लागलं. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला. बाल्यकीटक, म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या, विकत आणले की साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत कोष हातात येतात. कापसासारखी सहा महिने वाट पाहायची नाही. सतरा-अठराच्या पोराला हे पटतं, कारण चूक कुठे झाली ते पुढच्याच बॅचला कळतं. शेड चुन्याने निर्जंतुक केलं नाही तर रोग येतो. शेवटच्या दिवसांत अळ्या एवढ्या खातात की रात्रीही पाला टाकावा लागतो, आणि नीट ऐकलं तर शेडमध्ये बारीक पावसासारखा आवाज येतो. मग त्या कोष विणायला चंद्रिकेवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, चढतात. एप्रिल-मेच्या उन्हात बॅच घेणं जोखमीचं. शेजाऱ्याने कपाशीवर फवारणी केली आणि वारा आपल्याकडे असला तर तो पाला खाऊन अख्खी बॅच जाते. शेजाऱ्याशी बोलणं ठेवावं लागतं, जे भाऊबंदकीत नेहमी सोपं नसतं.

धाराशिव-लातूर भागात किल्लारी भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळवून दिला. भाजीपाला, डाळी, घरचं खाणं आधी. हीच गोष्ट पोरांच्या बाबतीत क्वचित होते. बाप सगळी शेती पोराकडून करून घेतो, पण काय पेरायचं आणि मोंढ्यातली पट्टी (विकलेल्या मालाचा पैसा) कुणाच्या खिशात जायची, हे स्वतःच ठरवतो. मग पोरगा म्हणतो, त्यापेक्षा कंपनीत बरं, निदान पगार माझ्या खात्यावर येतो.

कागदही बापाच्याच बाजूने आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव लागलंच तर 'अपाक' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून, पालकाच्या आधाराने. त्यानंतरही वाटणी होईपर्यंत पीककर्ज आणि पीएम किसानचे हप्ते बापाच्याच नावाने येतात. नव्या शेतकरी ओळख क्रमांकालाही जमीन स्वतःच्या नावावर लागते. राबणारा पोरगा सरकारच्या हिशेबात शेतकरी ठरत नाही. मुलींचं तर आणखी पुढचं. राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही करण्याची रीत गावोगाव चालू आहे. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीही तिला अपवाद नसतात. दहावीनंतर मराठीतून कृषी पदविका करता येते, हेही अनेक घरांना माहीत नसतं. माहीत झालं तरी पदविका घेऊन आलेल्या पोराला किंवा पोरीला पहिल्या हंगामात अर्धा एकर मोकळा मिळणार का, हे शेवटी बापच ठरवतो.