शंभर तास वाजवून इअरफोन 'खुलत' नाहीत

नवे वायरवाले इअरफोन घेतले आणि बेस (खालचे सूर) पोकळ वाटला, की सल्ला ठरलेला: "शंभर तास गाणी लावून ठेव, आपोआप खुलतील." वर्षानुवर्षं फिरणारा समज आहे हा. इअरफोनच्या आतला आवाज काढणारा पडदा वापराने किंचित सैलावत असेलही, पण तो फरक कानाला क्वचितच कळतो. बदलतो तो ऐकणारा. कान त्या आवाजाला सरावतात, आणि इअरफोन घालायला हातही बसतो.

खरी गोम बहुतेक वेळा टोकाच्या रबरी टोपीत असते. इन-इअरचा, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनचा, इवलासा पडदा कानाच्या बंद नळीतल्या हवेवर दाब देतो. खालचे सूर त्या दाबावरच उभे असतात. टोपीच्या कडेला बारीकशी फट राहिली की दाब निसटतो, बेस गळतो आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज.

पडताळून बघा. एका हाताने कान वर-मागे ओढा, दुसऱ्याने इअरफोन हलकेच फिरवत आत बसवा, मग कान सोडा. आता बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर फट बुजली. नाहीतर टोपीचं माप बदला. (दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही, माझ्या उजव्याला मध्यम लागते, डाव्याला मोठी.) फोमची असेल तर चिमटीत दाबून घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा.

वायर कपड्याला घासून खरखर येते ती वेगळी भानगड; कानामागून वळवली की बरीच कमी होते. एवढं करूनही बेस पोकळच राहिला, तर तो त्या इअरफोनचा स्वभाव. परत करायची मुदत संपायच्या आत ठरवा.