युरोपाबाहेरचे जग आणि मराठवाड्यातली पदवी

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह आणि भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आला. बीएस्सीच्या मुलाने कला शाखेचे काही वाचावे, बीकॉमच्या मुलीला इतिहासाची गोडी लागावी, हा हेतू चांगलाच आहे. पण एकीकडे 'भारतीय' आणि दुसरीकडे आधीपासून ठाण मांडून बसलेले 'पाश्चात्त्य', असे दोनच कप्पे डोळ्यांसमोर राहतात. इराण, मध्य आशिया, चीन, आफ्रिका यांची आठवण फारशी कुणाला होत नाही. मराठवाड्यात तरी ती व्हायला हवी.

शाखा कोणतीही असो, काही विषय सर्वांनी शिकावेत ही कल्पना आजच्या रूपात रुजली ती अमेरिकेत. पहिले महायुद्ध संपल्यावर, 1919 मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयात 'समकालीन सभ्यता' हा विषय सक्तीचा केला. सभ्यता म्हणजे अर्थातच युरोपची. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात 1913 ते 1916 शिकत होते. भारतातील जातींवरचा आपला निबंध त्यांनी 1916 साली तिथल्याच मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. म्हणजे भारतीय समाजाचा मूलगामी विचार त्या आवारात मांडला गेला होता. सर्वांच्या अभ्यासक्रमात मात्र त्याला जागा नव्हती. आशियातील ग्रंथांचे वर्ग तिथे सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

पुढची ढकल राजकारणाची होती. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा करून परकीय भाषा व प्रदेशांच्या अभ्यासाला पैसा दिला. याच सुमारास पीएल-480 या अमेरिकन कायद्याखाली भारतात अमेरिकन गहू येत होता. आपल्याकडच्या जुन्या माणसांना रेशनचा तो गहू चांगला आठवतो. त्याची किंमत भारत रुपयांत चुकती करी आणि त्यातल्याच काही रुपयांतून 1960 च्या दशकात भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पाठवली गेली. त्यात मराठीही होती. आपल्या समाजाचा अभ्यास परदेशात कसा उभा राहिला, याचे इतके थेट उत्तर क्वचित मिळते.

तरीही पदवीच्या सक्तीच्या वर्गात बदल व्हायला विद्यार्थ्यांनाच आवाज उठवावा लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठात 'पाश्चात्त्य संस्कृती' या सक्तीच्या विषयाविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि 1988 मध्ये तो बदलून युरोपाबाहेरचे साहित्य व विचार आत घेणारा विषय ठरला. ही मागणी रास्तच होती. मात्र अनेक महाविद्यालयांनी 'नॉन-वेस्टर्न' असा एकच रकाना केला, आणि चीन, पेरू, नायजेरिया, भारत सगळे एकाच पोत्यात भरले गेले. या देशांचे आपापसांतले नाते त्यात दिसेनासे झाले.

मराठवाड्याची वाट वेगळीच होती. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठेवले गेले. त्यासाठी हैदराबादेत खास भाषांतर खाते होते. इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान यांवरची इंग्रजी पुस्तके तिथे उर्दूत आणली जात. औरंगाबादला 1923 मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघाले. घरी मराठी बोलणारा मुलगा तिथे युरोपचा इतिहास उर्दूतून शिके. त्याची स्वतःची भाषा बाजूला पडली, हा अन्याय होताच आणि त्याचा राग हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमटला. 17 सप्टेंबर 1948 नंतर पारडे फिरले. उर्दू-फारसी येणाऱ्यांची पिढी हळूहळू सरली आणि इथल्याच दप्तरांतली फारसी वाचणारे विरळ झाले. हे नुकसान आपण पुरते मोजलेले नाही, असे मला वाटते.

त्याच सुमारास डॉ. राधाकृष्णन आयोगाने (1948-49) भारतीय विद्यापीठांत सामान्य शिक्षण आणण्याची शिफारस केली. अध्यक्ष स्वतः ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्मांचे प्राध्यापक होते. तरी परीक्षाकेंद्री पद्धतीत ती कल्पना मूळ धरू शकली नाही.

अपवाद म्हणावा असे काम औरंगाबादच्या नागसेनवनात झाले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारणारा. इथल्या शिक्षक-लेखकांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा आपल्या अनुभवाशी संबंध जोडला आणि 'अस्मितादर्श' या नियतकालिकाभोवती दलित साहित्याची चळवळ उभी राहिली. दुसऱ्या समाजाचा अभ्यास आपल्या जगण्याला कसा भिडतो, हे इथे अभ्यासक्रमाच्या आधी घडले.

आता शहरातल्याच पाणचक्कीकडे पाहा. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे; दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळले जाई. हा दर्गा बाबा शाह मुसाफिर यांचा, आणि ते बुखाऱ्याकडून आलेले. ज्या मलिक अंबरने 1610 मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवून त्याला नहर दिली, तो इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याची कबर खुलताबादला आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने डोंगरातल्या ज्या विहाराचे वर्णन केले, तो अजिंठा असावा असे अभ्यासक मानतात. दाराशी दगडी हत्ती असल्याचे त्याने लिहिले आहे, आणि तसे हत्ती सोळाव्या लेण्याच्या वाटेवर आजही उभे आहेत. चीन, बुखारा, इथिओपिया हे सगळे एसटीने एका दिवसात पाहून होण्यासारखे आहे.

इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, उर्दूचा आहे, इतिहासाचा आहे. ओपन इलेक्टिव्हसाठी या तिन्ही विभागांनी मिळून 'दख्खन आणि आशिया-आफ्रिका' असा दोन क्रेडिटचा पेपर तयार केला, निम्मे तास वर्गात आणि निम्मे पाणचक्की, खुलताबाद, अजिंठ्याला घेतले, तर परभणीच्या शेतीच्या विद्यार्थ्याला किंवा बीडच्या बीकॉमच्या मुलीलाही तो झेपेल. सुरुवात एका महाविद्यालयाने केली तरी चालेल.