स्टेपर मोटर घसरते तीही मापात

सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनला, लाकडी पाटीवर अक्षरं कोरायला लावून मी जरा बाजूला गेलो. परत येऊन पाहतो तर पहिली ओळ सुबक, आणि दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या अक्षरापासून पुढचं सगळं उजवीकडे सरकलेलं. टूल गाठीत अडकलं असणार. पडद्यावरचे आकडे मात्र अगदी बरोबर! कारण टूल कुठे आहे हे ते सांगतच नव्हते. कुठे असायला हवं, एवढंच सांगत होते. मशीनच्या मोटरना हुकूम देणारा जीआरबीएलसारखा कंट्रोलर पल्स पाठवतो (एका पल्सला मोटर एक ठरावीक पाऊल फिरते), पाठवलेले मोजतो आणि काम झालं असं धरून चालतो. हाच ओपन लूप.

व्हर्नियरने मोजलं: १.२ मिलिमीटर. एरवीही माझ्याकडे चूक ०.८ किंवा ०.३ अशी भरते, ०.२५ कधी नाही. खरी मौज इथे आहे.

अशा पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरला स्टेपर म्हणतात. एका पूर्ण स्टेपला १.८ अंश फिरणाऱ्या नेहमीच्या स्टेपर मोटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, ५० दात असतात. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पुढे सरकतं, रोटर त्याच्यामागे ओढला जातो. भार पडला की रोटर रेंगाळतो, आणि जितका मागे पडेल तितकी ओढ वाढते, ताणलेल्या स्प्रिंगसारखी. पण फक्त १.८ अंशांपर्यंत. तिथून ओढ घटू लागते, ३.६ अंशांवर शून्य होते आणि त्यापलीकडे चक्क उलटते: आता तेच क्षेत्र रोटरला मागच्या दाताच्या जागी खेचतं. दोन दातांमधलं अंतर ३६० भागिले ५०, म्हणजे ७.२ अंश. म्हणून मोटर एका वेळी चार पूर्ण स्टेप गमावते. दोन नाही, तीन नाही. मोटरच्या फिरण्याचं सरळ सरकणं करणाऱ्या माझ्या बॉल स्क्रूचा लीड, म्हणजे एका फेरीतलं सरकणं, ५ मिलिमीटर, तेव्हा एका घसरणीला ०.१ मिलिमीटर. १.२ म्हणजे बारा घसरणी. चूक या पटीत बसत नसेल तर मोटरवर खापर फोडण्याआधी मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू आणि वायरिंगमधला नॉइज तपासावा.

मोटरच्या पाठीवर बसवलेला एन्कोडर नेमकं हे रेंगाळणं पाहतो. १००० रेघांची चकती आणि पाव टप्प्याच्या फरकाने बसवलेले ए आणि बी हे दोन सेन्सर. आधी कोण बदललं यावरून दिशा कळते. दोघांचे सगळे चढ-उतार मोजले की फेरीला ४००० काउंट. एक काउंट ०.०९ अंशांचा, म्हणजे १.८ अंशांचा धोका २० काउंटवर, घसरण्याआधीच दिसतो. तेवढ्यात ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं सर्किट, करंट वाढवतो आणि भार उतरला की राहिलेलं अंतर भरून काढतो. हाच क्लोज्ड लूप.

खोक्यावर ‘क्लोज्ड लूप’ छापलं की मशीन मायक्रॉनमध्ये काम करतं, हा जाहिरातवाल्यांचा चमत्कार. ५ मिलिमीटर भागिले ४००० म्हणजे सव्वा मायक्रॉन, हे कागदावर ठीक. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर आहे. स्क्रूवरच्या नटमधला बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई, त्याला दिसतच नाही. टेबलाची खरी जागा मोजणारी पट्टी, म्हणजे लिनिअर स्केल, लावली तर दिसतो, पण मग मोटर तो ओलांडते, पलीकडे जाते, परत फिरते आणि टेबल जागच्या जागी थरथरत बसतं. लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फीडबॅक एकत्र वापरता येतात, वेगासाठी मोटरचा आणि जागेसाठी स्केलचा. तरी आधी नटचा बंदोबस्त केलेला बरा.

पुढे मी क्लोज्ड लूप ड्रायव्हर बसवले. भार हाताबाहेर गेला की असा ड्रायव्हर अलार्म देऊन थांबतो, पण जीआरबीएलला त्याचा पत्ता नसतो. एक अक्ष गप्प आणि बाकीचे कोरतच राहतात. म्हणून अलार्मची वायर कंट्रोलरच्या रीसेटला जोडायची असते. माझी कित्येक दिवस टेप गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात पडून होती.