माणूस मुळात चांगला की स्वार्थी? एका चिनी वादाची पार्श्वभूमी

हा वाद चीनमध्ये इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात रंगला. राज्याराज्यांत लढाया जुंपल्या होत्या. वाद घालणारे विचारवंत दोन: मेन्शियस आणि त्याच्यानंतर आलेला शुन्झी, दोघेही जुना चिनी गुरू कन्फ्यूशियसचे नाव घेणारे.

मेन्शियसचा दाखला साधा आहे. विहिरीत पडू पाहणारे लेकरू दिसले की कोणाच्याही काळजात धस्स होते. त्याच्या आईबापांशी सलगी व्हावी, गावात नाव व्हावे किंवा रडणे ऐकवत नाही, म्हणून नव्हे. पण हे धस्स होणे म्हणजे चांगुलपणा नव्हे, त्याचा नुसता कोंब. असे कोंब चार: करुणा, लाज, दुसऱ्याला मान देणे आणि बरेवाईट ओळखणे. ते दोन प्रकारे मरतात. सोंग राज्यातल्या शेतकऱ्याने रोपे वाढेनात म्हणून एकेक वर ओढले. मुलगा शेतात धावत गेला तर सगळी सुकलेली. दुसरा प्रकार बैल-डोंगर नावाच्या डोंगराचा. रोज कुऱ्हाड, उरलेल्या फुटव्यावर गुरे. मग उजाड माथा बघून लोक म्हणतात, इथे झाडे कधी नव्हतीच.

शुन्झीचा हिशेब वेगळा. हाव जन्मजात, तिला हद्द नाही, आणि वस्तू मोजक्या, म्हणून भांडण. वाकडे लाकूड वाफवून शिकंज्यात आवळावे लागते, बोथट पाते दगडावर घासावे लागते. तसे माणसाला गुरू आणि रीतिरिवाज लागतात. घडेल मात्र कोणीही. रस्त्यावरचा माणूससुद्धा संत होऊ शकतो, असे तोच सांगतो. त्याचा कडवटपणा मुख्यतः पहिल्या वाक्यापुरता आहे: माणसाचा स्वभाव वाईट, त्याचा चांगुलपणा 'वेई'.

ते वाक्य त्याला भोवले. 'वेई'च्या चिनी अक्षरात 'माणूस' आणि 'करणे' एकत्र आहेत: माणसाने घडवलेले. पण त्याच शब्दाचा रूढ अर्थ खोटे, नकली. आपल्याकडे 'बनवणे' आणि 'बनावट' यांचे नाते आहे, तसेच. शिवाय कडक कायद्याचे पुरस्कर्ते हान फेई आणि ली सी हे त्याचे शिष्य मानले जातात. ली सी इ.स.पू. 221 मध्ये चीन एक करणाऱ्या छिन सम्राटाचा मंत्री झाला, आणि त्या कठोर राजवटीचा डाग गुरूलाही लागला.

बाराव्या शतकात झू शी या पंडिताने मेन्शियसचा ग्रंथ कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार मूलग्रंथांत बसवला. पुढे सरकारी परीक्षा त्यांवरच होऊ लागल्या, त्या 1905 मध्ये बंद होईपर्यंत. 1530 मध्ये तर शुन्झीला कन्फ्यूशियसच्या मंदिरातूनही काढले. मुलांच्या तीन-तीन अक्षरी बाळबोध पाठाची सुरुवात 'माणूस जन्मतः चांगला' अशीच. पण दोनच ओळी पुढे तोच पाठ बजावतो: शिकवले नाही, तर स्वभाव बिघडतो.