वडोदऱ्यातला 'ने' : कर्त्याचा की कर्माचा?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात मराठीत 'सीतेने बोलावलं' म्हटलं, तर बोलावणारी सीता. गुजरातीत 'सीताने बोलावी' म्हटलं, तर जिला बोलावलं ती सीता. 1734 पासून गायकवाडांकडे राहिलेल्या या शहरात दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या, आणि 'ने' मात्र एकीकडे कर्त्याला लागतो, दुसरीकडे कर्माला. याला कोणी नुसती सरमिसळ म्हटलं की मला राहवत नाही. दोन्हीकडची वाक्यं एकाच मुळातून फुटली आहेत.

'कर्तृकरणयोस्तृतीया' हे पाणिनीचं सूत्र. क्रियापदाने कर्ता सांगितला नसेल, तर कर्ता तृतीयेत जातो: रामेण रावणः हतः. पुढे प्राकृतांत भूतकाळाची जुनी रूपं मागे पडली आणि 'हतः'ची ही धाटणीच भूतकाळ म्हणून रुळली. म्हणून 'सीता आंबा खाते' यात क्रियापद सीतेचं ऐकतं, 'सीतेने आंबा खाल्ला' यात आंब्याचं. हिंदी आणि गुजरातीतही तेच. बंगालीने मात्र ही रीत सोडली.

'शके बाराशते बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें.' शके 1212, म्हणजे इ.स. 1290. या ओवीत 'ने' नाहीच. 'ज्ञानेश्वरें'मधला शेवटचा एंकार कर्ता दाखवतो. आजचा गुजराती माणूस हेच 'ज्ञानेश्वरे टीका करी' असं म्हणेल. एकार तसाच, आणि स्त्रीलिंगी टीकेमागून जाणारं क्रियापदही तसंच! मराठीत पुढे कर्त्याला 'ने' चिकटला. गुजरातीत एकार टिकला, 'ने' कर्माकडे गेला.

'मी' आणि 'तू' यांना आपण 'ने' लावत नाही. जुन्या मराठीत तिथे 'म्यां', 'त्वां' होते, ते आता कवितेपुरते उरले. पण 'तू पोळी खाल्लीस' नीट ऐका: 'ली' पोळीची, 'स' तुझा. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघांची खूण. मराठीतली ही जागा मला फार प्रिय आहे.

खरा फरक पुढे आहे. कर्माला 'ला' लागला की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी होतं: 'मी सीतेला पाहिलं'. हा आपला भावे प्रयोग. गुजरातीत 'में सीताने जोई'; 'ने' लागूनही स्त्रीलिंग कायम. वडोदऱ्यात वाढणाऱ्या मुलाच्या तोंडून 'सीतेला पाहिली' निघालं, तर त्याने गुजरातीचा नियम चोख पाळला आहे. 'ला' आला की मराठीत लिंग सुटतं, एवढंच त्याला सांगायचं.